एका कुत्र्यासाठी एवढ्या चौकशा कशाला?

"मुलीचं स्थळ बघतानाही कुणी इतकं विचारत नाही हो ताई!" गेल्या आठवड्यात पुन्हा ऐकलं. माझ्याकडून पिल्लू पाळायला नेणाऱ्यांना मी विचारलं होतं एवढंच: घर भाड्याचं आहे का, घरमालकाला चालेल का, गावाला गेलात तर पिल्लू कुठे ठेवाल, आणि मी एकदा घरी येऊन जाऊ का. आता पिल्लू नेताना तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

पूर्वी मी काहीच विचारत नसे. मोती नावाचं पिल्लू पार्वोतून, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या आजारातून, वाचलेलं. आठ दिवस सलाईन, रक्ताचे जुलाब. इथल्याच, इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू आल्या, त्याला मांडीवर घेऊन बसल्या. आपलीच मराठी माणसं, त्यांचं घर काय बघायचं? लाल नायलॉनचा पट्टा मीच घातला, दोन बोटं जातील इतका सैल, आणि पाठवला.

साडेचार महिन्यांनी फोन आला, "मानेला वास येतोय, घेऊन जा." गच्चीवर मोती भेटला. पट्टा दिसेना. काढला असेल म्हणून मी मानेवरचे केस बाजूला केले. गळ्याभोवती चर पडली होती, आत पू, आणि पुवात लाल धागा. पट्टा होता तेवढाच राहिला, मान वाढत गेली, कातडी वरून चढली. डॉक्टरांनी भूल देऊन तो कापून काढला. बक्कल मांसात रुतलं होतं.

त्याला उपाशी ठेवलं नव्हतं, हे लक्षात घ्या. अंग भरलेलं, केस चकचकीत, रोज दूध-पोळी. फक्त इतक्या महिन्यांत त्याच्या मानेवरून कुणी हात फिरवला नव्हता. मीही नाही. रामबाग माझ्यापासून वीस मिनिटांवर. काकू फोटो पाठवायच्या, मी बदाम पाठवायची. नंतर ते फोटो काढून पाहिले. पट्टा दिसत होता.

"नाहीच जमलं तर सोडून देऊ" म्हणणाऱ्यांवर म्हणूनच मी चिडते. नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, असं २०२३ चे नियम सांगतात, कारण ती गल्ली त्याची असते. घरात वाढलेल्याला कुठली गल्ली? त्यातून हे इंदूर. २०१७ मध्ये आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो, कोपऱ्यावरच्या कचरापेट्या गेल्या. मला त्याचा अभिमानच आहे. पण उकिरड्यावर जगणारी कुत्री आता फाटकाशी पोळीची वाट बघतात. त्यांच्यात हे नवखं काय खाणार?

तरी माझी पूर्वीची मी अजून भांडते. म्हणते, तेव्हा वर्षाला अकरा पिल्लं घरी लागायची, आता चार. उरलेली माझ्या अंगणात मोठी होतात, आणि सहा महिन्यांच्या गावठी कुत्र्याला कोण विचारतं? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलाला मी नाही म्हटलं होतं. तो रोज रात्री गल्लीतल्या सहा कुत्र्यांना हातानं भरवतो. आणि काकू? स्वतःचं घर, गच्ची, घरात सतत कुणीतरी. माझ्या सगळ्या प्रश्नांत त्या पास झाल्या असत्या.

याला माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी येते. पुढच्या महिन्यातही येईन. चहा नको, तुमच्या पिल्लाची मान तेवढी बघू द्या.