हंगामातले आले, फ्रीझरमधले आले
ठाणे, फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

आज सकाळी जांभळी नाक्यावरून दोन किलो आले आणले आणि दुपारपर्यंत ते सगळे निवडून, धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये गेले. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी विचारले, की आले तर बाराही महिने मिळते, मग ते साठवून ठेवायची एवढी घाई कशाला? त्यांच्याशी बोलताना जे सुचत गेले, ते नीट लिहून ठेवावे असे वाटले.

आले बाराही महिने मिळते हे खरे, पण ते बाराही महिने सारखे नसते. सातारा किंवा छत्रपती संभाजीनगरकडे आल्याची लागवड साधारण एप्रिल-मेमध्ये होते, आठ-नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळू लागतो आणि मग कंद काढणीला येतो. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळात मंडईत दिसणारे आले पूर्ण भरलेले असते; साल घट्ट बसलेली, आल्याचे बोट मोडले तर कट् असा आवाज, आत फिकट पिवळा रंग आणि लगेच नाकात शिरणारा वास. त्याआधी येणारे कोवळे आले पाणीदार असते आणि त्याला तिखटपणा बेताचाच असतो. पावसाळ्यात हाती येते ते बऱ्याचदा मागच्या हंगामातले उरलेले. कुठे कोंब फुटलेले, कुठे सुरकुतलेले, आणि आमच्या ठाण्याच्या दमट हवेत दोन बोटांच्या सांध्यात हमखास बुरशी धरणारे. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोबरोबर आल्याचे भावही असे चढले होते, की भाजीवाल्याकडे बोटभर तुकडा मागतानासुद्धा विचार करावा लागे.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे, की गोठवायचे ते उत्तम आले. पुष्कळ घरांत फ्रीझरमध्ये जाते ते मात्र भाजीच्या ट्रेमध्ये वाळत पडलेले, आता काय करावे म्हणून उचलून ठेवलेले आले, आणि मग गोठवलेल्या आल्याला चव राहत नाही अशी तक्रार होते. ती चव गोठवण्याच्या आधीच गेलेली असते. बुरशी लागलेला भाग कापून उरलेले गोठवणे तर मला मुळीच मान्य नाही, कारण थंडीने बुरशी आणि जंतू वाढायचे थांबतात, मरत नाहीत.

ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. उणे १८ अंश सेल्सिअसला त्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि ते आतल्या पेशींच्या भिंती फाडतात. गोठवलेले आले बाहेर काढून ठेवले की ते लिबलिबीत होते आणि दाबल्यावर पाणी सोडते, ते याच कारणाने. पण यात आल्याचे नुकसान होते ते पोताचे. तिखटपणा देणारे जिंजेरॉल बऱ्याच अंशी तसेच राहते. आले वाळवले तर गोष्ट वेगळी. वाळताना जिंजेरॉलचे शोगाओल नावाचे दुसरे, जास्त तिखट द्रव्य होते, आणि म्हणून सुंठेचा तिखटपणा ताज्या आल्यापेक्षा जहाल आणि वेगळ्याच जातीचा लागतो. रोजच्या आमटीत आणि भाजीत सुंठ चालत नाही, गोठवलेले आले चालते, असे जे आपल्या जिभेला कळते त्यामागे हे आहे.

यावरून एकच नियम निघतो आणि तो मी घरात सर्वांना सांगून ठेवला आहे: आले वितळू द्यायचे नाही. फ्रीझरमधून तुकडा काढावा, फडक्याच्या घडीत धरून दगडासारखा कडक असतानाच बारीक किसणीवर हवा तेवढा किसावा आणि उरलेला लगेच परत ठेवावा. जून आल्याच्या ज्या रेषा एरवी किसणीला लोंबत राहतात, त्या गोठलेल्या स्थितीत आपोआप तुटतात, आणि सालही इतकी बारीक होते की ती आधी काढण्याची गरज उरत नाही. हा कीस थेट फोडणीत टाकू नये, कारण त्यातल्या बर्फाने गरम तेल उडते. आधी कांदा परतून घ्यावा आणि मग आले घालावे.

तयारीत मी सर्वांत जास्त वेळ देते तो पुसण्याला. सांध्यांतली माती जुन्या मऊ ब्रशने काढून, बोटे सुटी करून, ती पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ दिली नाहीत, तर वर बर्फाचा थर धरतो आणि तुकडे एकमेकांना चिकटून बसतात. मग झिपच्या पिशवीतली हवा दाबून काढायची आणि ती पिशवी स्टीलच्या डब्यात ठेवायची. आमच्या फ्रीझरमध्ये कोळंबी असते. डब्याविना ठेवलेल्या आल्याला तिचा वास लागायला वेळ लागत नाही.

चहासाठी मात्र चकत्या करते. त्या ताटलीत सुट्या गोठवून मग पिशवीत भरल्या की सकाळी दोन चकत्या सहज हाती येतात. त्या पाण्यात टाकून चांगली उकळी आल्यावरच दूध घालावे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे झिंजिबेन नावाचे विकर (एन्झाइम) असते, त्याने दूध फाटू शकते. गोठवल्याने ते निकामी होत नाही, उकळल्याने होते.

सासूबाईंना वाटणच सोयीचे वाटते. त्या आले, लसूण आणि हिरवी मिरची पाणी न घालता वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरतात आणि ठोकळे तयार झाले की डब्यात काढून ठेवतात. हेच वाटण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे, ती सोडावी असे मी मनापासून म्हणेन. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि नेमक्या अशाच जागी बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात. बटाटेवड्याच्या बाबतीत सासूबाईंचा शब्द अखेरचा. त्यासाठी आले ताजेच हवे आणि ते खलबत्त्यातच ठेचलेले हवे, असे त्या म्हणतात, आणि मला ते पटते, कारण वड्यात आल्याचा कण दाताखाली यावा लागतो. आले-लिंबाचे पाचक आणि लोणचे यांनाही तोच न्याय. तिथे पोत हाच पदार्थाचा अर्धा जीव असतो.

पिशव्यांवर महिना लिहिला आहे. सहा महिन्यांत, म्हणजे ऑगस्टपर्यंत हे आले संपवायचे. त्यानंतर ते खराब होते असे नाही, पण वास उतरत जातो. मध्ये बराच वेळ वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडायचे नाही. भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो.

काकूंना अखेर पटले, पण त्यांचा फ्रिज एका दाराचा, आणि त्यातला बर्फाचा कप्पा फ्रीझरइतका थंड राहत नाही. त्यांना मी सांगितले, की महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच त्यात ठेवा, आणि बाकीचे न धुता बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत कोरड्या वाळूत पुरा. पाऊस सुरू होईपर्यंत ते तिथे चांगले राहील.