ऑसिलेटर सुरात आणताना: घरी बांधत असलेल्या मॉड्यूलर सिंथेसायझरची प्रगती-नोंद

मॉड्यूलर सिंथेसायझर म्हणजे सुट्या घटकांची (मॉड्यूलांची) तारांनी जोडणी करून आवाज घडवणारे विजेचे वाद्य. मागच्या नोंदीपर्यंत खोके, वीजपुरवठा, मिक्सर आणि ट्रान्झिस्टरांच्या शिडीचा फिल्टर एवढे काम हातावेगळे झाले होते. उरला होता तो ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारा घटक, आणि या वेळचा जवळजवळ सगळा वेळ त्यानेच घेतला. ऑसिलेटरमधून आवाज काढणे फारसे अवघड नाही. तोच ऑसिलेटर पाच सप्तकांत सुरात ठेवायचा म्हटले की खरे काम सुरू होते. म्हणून ही नोंद मुख्यतः स्वराच्या अचूकतेविषयी आहे आणि बाकीच्या कामांचा उल्लेख ओघात येईल तेवढाच आहे.

माझे खोके युरोरॅक या मॉड्यूलांच्या प्रचलित मापपद्धतीचे आहे. ही पद्धत डीटर डोप्फर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ए-100 मालिकेद्वारे रूढ केली. पॅनेलची उंची 128.5 मिलिमीटर, रुंदीचे एकक 5.08 मिलिमीटर, पुरवठा धन व ऋण 12 व्होल्ट आणि 3.5 मिलिमीटरचे जॅक ही तिची ठळक लक्षणे आहेत. स्वराच्या बाबतीत मात्र युरोरॅक रॉबर्ट मूग यांच्या साठच्या दशकातील मॉड्यूलांनी घालून दिलेलाच नियम पाळतो: नियंत्रणाचे व्होल्टेज एक व्होल्टने वाढले की वारंवारता (दर सेकंदाची आवर्तने) दुप्पट, म्हणजे स्वर एक सप्तक वर, झाली पाहिजे. या हिशेबाने एक अर्धस्वर म्हणजे 83.3 मिलिव्होल्ट होतात आणि अर्धस्वराचा शंभरावा भाग, म्हणजे एक सेंट, सुमारे 0.83 मिलिव्होल्टचा होतो.

व्होल्टेज सरळ रेषेत वाढावे आणि वारंवारता दर पायरीला दुप्पट व्हावी, हा संबंध जोडण्याचे काम एक्स्पो कन्व्हर्टर करतो आणि त्याच्या पोटात एक साधा ट्रान्झिस्टर असतो. खोलीच्या तापमानाला ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधील व्होल्टेज सुमारे 18 मिलिव्होल्टने वाढले की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. बाहेरून येणाऱ्या एका व्होल्टचे आधी 18 मिलिव्होल्ट करायचे आणि त्यावर निघालेल्या प्रवाहाने कपॅसिटर भरायचा, एवढीच मूळ कल्पना आहे. पण या ठिकाणी एक सेंट म्हणजे अवघे 15 मायक्रोव्होल्ट असतात, हे ध्यानात घेतले की जुन्या वाद्यांच्या अभियंत्यांनी तापमानाचा एवढा धसका का घेतला होता ते कळते.

तापमान इथे दोन वाटांनी आत शिरते. पहिली वाट अशी की, तेवढाच प्रवाह वाहण्यासाठी ट्रान्झिस्टरला लागणारे व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने कमी होते. म्हणजे काहीच उपाय केला नाही तर एका अंशात स्वर अर्धस्वरापेक्षाही जास्त सरकतो. यावरचा उपाय म्हणजे एकसारख्या दोन ट्रान्झिस्टरांची जोडी वापरणे, जेणेकरून एकाची सरक दुसऱ्याच्या सरकीने कापली जाते. एलएम394 ही या कामासाठी नावाजलेली जोडी आता बनत नाही. एसएसएम2212 सारखे पर्याय आहेत. मी मात्र बीसी547 एकाच पाकिटातून निवडून जुळवले. प्रत्येकातून ठरावीक प्रवाह सोडायचा, बेस-एमिटर व्होल्टेज मोजायचे आणि एका मिलिव्होल्टच्या आत असलेले बाजूला काढायचे, अशी ती रीत आहे. मोजताना ट्रान्झिस्टर चिमट्याने धरावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे, कारण बोटांच्या उबेनेच मोजमाप काही मिलिव्होल्टने खाली येते आणि आपण ट्रान्झिस्टरऐवजी स्वतःचाच हात मोजत बसतो. निवडलेल्या जोडीचे सपाट पृष्ठभाग मी उष्णतावाहक पेस्टने एकमेकांना चिकटवले.

दुसरी वाट अधिक चोरटी आहे. दुप्पट होण्यासाठी लागणारे ते 18 मिलिव्होल्ट हा आकडाच मुळी निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, दर अंशाला साधारण 0.33 टक्क्याने. ट्रान्झिस्टरांची जोडी कितीही चांगली जुळली तरी या बदलावर तिचा काही इलाज चालत नाही. या चुकीचा स्वभावही वेगळा आहे: संदर्भाच्या स्वरावर (जिथे ट्रान्झिस्टरला मिळणारे नियंत्रणाचे व्होल्टेज शून्य असते तो स्वर) ती शून्य असते आणि त्यापासून दूर जावे तशी वाढत जाते. संदर्भापासून पाच सप्तके वर असताना एका अंशाच्या फरकाने सुमारे 20 सेंटची चूक होते. कोणत्याही कानाला ती बोचेल. म्हणून पहिली गोष्ट मी ही केली की संदर्भाचा स्वर तळाशी न ठेवता वापराच्या पल्ल्याच्या मध्यावर आणला. यामुळे कमाल अंतर अडीच सप्तकांवर आले आणि काहीही खर्च न करता चूक निम्मी झाली. अनेक परिपथ-नकाशांत संदर्भ तळाशी का ठेवतात ते मला अजून उमगलेले नाही.

उरलेल्या चुकीसाठी टेम्पको रेझिस्टर लागतो, ज्याचा रोध दर अंशाला सुमारे 3300 ते 3500 भाग प्रति दशलक्ष एवढा वाढतो. एका व्होल्टचे 18 मिलिव्होल्ट करणाऱ्या विभाजकात तो खालच्या बाजूला बसवला की तापमानाबरोबर ट्रान्झिस्टरची गरज जेवढी वाढते तेवढाच पुरवठाही वाढतो. तो जोडीच्या अगदी अंगाला लागून असणे महत्त्वाचे आहे. मी पेस्ट लावून तो दोन्ही ट्रान्झिस्टरांच्या पाठीवर बसवला आणि सगळ्यावरून उष्णतेने आकसणारी नळी चढवली, म्हणजे खोक्यातील वाऱ्याची झुळूक एकाला लागून दुसऱ्याला चुकणार नाही. काही जुन्या यंत्रांत याच्या नेमका उलटा मार्ग होता: फेअरचाइल्डच्या म्यूए726 या चिपमध्ये जोडीच्या शेजारीच तापक असे आणि तो चिपचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा वर, एका जागी धरून ठेवी. मार्ग चोख खरा, पण वाद्य तापून स्थिरावेपर्यंत वादकाने ताटकळायचे, ही त्याची किंमत होती.

डग कर्टिस यांच्या सीईएम3340 या चिपमध्ये ही सगळी भरपाई आतच केलेली आहे. प्रॉफेट-5 ची तिसरी आवृत्ती, मेमरीमूग, रोलँडचा एसएच-101 अशा कितीतरी वाद्यांचा आवाज तिच्यावर उभा आहे आणि 2016 मध्ये ती पुन्हा उत्पादनात आली. ज्याला लवकर वाजवायचे आहे त्याने निःसंकोच ती चिप घ्यावी. सुटे ट्रान्झिस्टर जुळवत बसण्याचे समर्थन मी केवळ जिज्ञासेच्याच आधारावर करू शकतो.

आता कपॅसिटर आणि वरच्या सप्तकांतील अडचण. कपॅसिटर सी0जी या तापमानाने जवळजवळ न बदलणाऱ्या जातीचा घेतला आहे, 1 नॅनोफॅरडचा, कारण साध्या सिरॅमिक कपॅसिटरची धारणक्षमता तापमानाबरोबर इतकी हलते की आधीची सगळी मेहनत पाण्यात जाईल. माझा ऑसिलेटर सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी तरंगाकृती) गाभ्याचा आहे: कपॅसिटर भरत जातो, ठरलेल्या उंबरठ्याला पोहोचला की एक स्विच तो रिकामा करतो आणि पुन्हा भरणे सुरू होते. रिकामे करण्याला थोडा का होईना, वेळ लागतो आणि तो वेळ प्रत्येक आवर्तनात सारखाच असतो. तो एक मायक्रोसेकंद धरला तर 440 हर्ट्झला चूक एका सेंटपेक्षाही कमी असते, पण आवर्तनकाल अवघा 142 मायक्रोसेकंद उरणाऱ्या 7040 हर्ट्झला तीच चूक 12 सेंटवर जाते आणि स्वर उतरलेला लागतो. सर्जिओ फ्रँको यांच्या नावाने ओळखला जाणारा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही: कपॅसिटरच्या मालिकेत एक रेझिस्टर घालायचा. प्रवाह जितका जास्त तितके त्या रेझिस्टरवरील व्होल्टेज जास्त, त्यामुळे उंबरठा तेवढा लवकर गाठला जातो आणि रिकामे करण्यात गेलेला वेळ भरून निघतो. रोध आणि धारणक्षमता यांचा गुणाकार त्या वेळेइतका असावा लागतो. एक मायक्रोसेकंद आणि 1 नॅनोफॅरडसाठी तो बरोबर 1 किलोओहम येतो. प्रत्यक्षात मी तिथे ट्रिमर, म्हणजे फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर, लावला, कारण स्विचचा वेळ नकाशावर एक आणि ऑसिलोस्कोपवर दुसराच असतो.

मग जुळवणी. स्वरमापकाच्या आकड्यांपेक्षा मी कानावर अधिक विसंबलो आणि ही भावुकता नव्हे. क्वार्ट्झवर चालणारा एक डिजिटल ऑसिलेटर 220 हर्ट्झला ठेवून त्याच्याबरोबर आपला ऑसिलेटर वाजवला की दोन्ही स्वरांतील फरक विस्पंदांच्या, म्हणजे आवाजाच्या संथ चढउताराच्या, रूपाने ऐकू येतो. या ठिकाणी एका सेंटचा फरक म्हणजे साधारण आठ सेकंदांना एक विस्पंद होतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवताना आवाजातील लहर लांबत लांबत नाहीशी होते, तसेच हे काम आहे. सप्तक वर जायचे तेव्हा डिजिटल ऑसिलेटर 220 लाच ठेवला तरी चालते, कारण 220 च्या सॉटूथमधील दुसरा स्वरांश (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा घटक) 440 लाच असतो आणि विस्पंद त्याच्याशी होतात. एका व्होल्टला नेमके एक सप्तक बसवणारा ट्रिमर फिरवला की खालचा स्वरही थोडा हलतो, म्हणून खाली येऊन पुन्हा मिळवायचे, वर जायचे आणि फरक कानाआड होईपर्यंत हे करत राहायचे. कपॅसिटरच्या मालिकेतील, वरच्या सप्तकांचा ट्रिमर सर्वांत शेवटी हाती घ्यावा.

या सगळ्यात ऑसिलेटरवर येणारा आरोप पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा असतो. स्वराचे व्होल्टेज देणाऱ्या मॉड्यूलमध्ये आकड्यांचे व्होल्टेज करणारा 12 बिटांचा परिवर्तक 10 व्होल्टच्या पल्ल्यावर चालत असेल तर त्याची एक पायरी 2.44 मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ 3 सेंटची होते. ऑसिलेटर कितीही घासूनपुसून घेतला तरी त्या पायऱ्यांच्या अधेमधे उभे राहता येत नाही. 16 बिटांत हीच पायरी 0.2 सेंटच्या आत येते. दुसरा संशयित म्हणजे साधा मल्टिपल, जो एकाच तारेचे अनेक फाटे करतो. स्वर देणाऱ्या मॉड्यूलच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि ऑसिलेटरच्या प्रवेशाला 100 किलोओहम असतील, तर व्होल्टेज सुमारे एक टक्क्याने घटते आणि दर सप्तकाला 12 सेंट उतरतात. एकाच ऑसिलेटरवर हे ट्रिमरने भरून काढता येते. पण तशीच जुळवणी ठेवून दुसरा ऑसिलेटर फाट्यावर जोडला की दोघेही आणखी तेवढेच उतरतात. म्हणून स्वराच्या मार्गावर बफर असलेलाच, म्हणजे प्रत्येक फाट्याला व्होल्टेज न घटवता पुरवणारा, मल्टिपल वापरावा. गेट (स्वर सुरू-बंद करणारा संकेत) आणि एन्व्हलोप (आवाजाचा चढउतार ठरवणारे व्होल्टेज) यांसाठी साधा मल्टिपल पुरेसा आहे.

खोक्यात जागा कोणती द्यायची याचाही विचार करावा लागला. रेखीय रेग्युलेटर (पुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर ठेवणारा घटक) 15 व्होल्टचे 12 करताना दर अँपिअरला 3 वॉट उष्णता सोडतो, आणि ती नेमकी वर जाते. ऑसिलेटर मी रेग्युलेटरांच्या डोक्यावरून काढून दुसऱ्या टोकाला खालच्या ओळीत नेला. चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात स्वर अजूनही थोडा सरकतो. त्यानंतर मात्र वरच्या टोकालादेखील दोन-तीन सेंटांच्या आत राहतो. वीजतारा जोडताना रिबन केबलची लाल कड ऋण 12 व्होल्टच्या बाजूला ठेवायची, हे सर्वांनाच माहीत असते, तरी छापील खूण तपासल्याशिवाय मी कोणतेही मॉड्यूल चालू करत नाही.

जुन्या वाद्यांचे भटकणारे सूर हेच त्यांचे सौंदर्य, असे सिंथेसायझरच्या आपल्या मंडळींत फार वेळा ऐकायला मिळते, आणि मला ते पटत नाही. ज्यांनी ती वाद्ये घडवली त्यांनी या भटकण्याशी झुंजच दिली होती. 1978 च्या प्रॉफेट-5 मध्ये मायक्रोप्रोसेसर होता आणि एक कळ दाबली की तो दहाही ऑसिलेटर स्वतः जुळवून घेई. 1982 च्या जुनो-60 मध्ये तर वारंवारता डिजिटल घड्याळातूनच येई. जे आपल्याला उबदार वाटते ते म्हणजे दोन ऑसिलेटरांमधील बारीक, संथ विस्पंद, आणि ते हवे तेवढे ठेवता यायचे तर आधी दोन्ही ऑसिलेटर स्थिर असायला हवेत. फरक तीन सेंट ठेवावा की सात, हे वादकाने ठरवावे. ते खोलीच्या तापमानावर सोपवण्यात मला काही रस नाही. विरोधी मत असलेल्यांनी एकदा स्थिर जोडी तीन सेंटांवर लावून ऐकावी आणि मग वाद घालावा.

कॉर्गच्या एमएस-20 सारख्या यंत्रांशी ही मॉड्यूल्स बोलवण्याचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. तिथे स्वराचे व्होल्टेज वारंवारतेच्या सरळ प्रमाणात असते, दर सप्तकाला ते दुप्पट करावे लागते, आणि गेटही उलटा, जमिनीला टेकवणारा असतो. त्यासाठी वेगळा परिवर्तक बांधावा लागेल. फिल्टर वारंवारतेच्या मागे साधारण नीट चालतो आणि त्याला ऑसिलेटरइतकी काटेकोर जुळवणी लागत नाही, म्हणून त्याला मी हात लावलेला नाही.

दुसऱ्या ऑसिलेटरचा बोर्ड सोल्डर करून तयार आहे. त्यासाठी बाजूला काढलेली ट्रान्झिस्टरांची जोडी पहिल्या जोडीपेक्षा थोडी कमी जुळलेली आहे, म्हणून ती तशीच वापरून दोन्ही ऑसिलेटरांची सरक शेजारी शेजारी मोजायची असे ठरवले आहे. एका मिलिव्होल्टची मर्यादा खरोखर आवश्यक आहे की ढिली चालेल, याचे उत्तर त्यातून मिळेल आणि मोजलेले आकडे पुढच्या नोंदीत देईन.