पळसासाठी चिखलदऱ्याला निघालात? आधी खालीच थांबा

दोन हजार रुपये. परतवाडा ते चिखलदरा या जेमतेम तीस किलोमीटरच्या अंतराचे एका गाडीवाल्याने माझ्याकडून एवढे घेतले, तेही "वर सगळा डोंगर लाल झालाय" असं सांगून. परत आलो एसटीने, शंभराच्या आत. होळीच्या आठवड्यात गाडीत बसायच्या आधी भाव ठरवा, आणि फुलं कुठे आहेत हे गाडीवाल्याला विचारूच नका.

डोंगर लाल नव्हताच. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथला पळस अजून कळ्यांवर होता. धामणगाव गढीच्या चहाच्या टपरीवर बाई मला जाताना बोलल्या होत्या, "पळस पाह्याले वर कायले चाल्ले भाऊ? तो तं आमच्या धुऱ्यावर हाय." धुरा म्हणजे शेताचा बांध. मी हसून पुढे गेलो. त्यांचं ऐकायला हवं होतं. खाली पायथ्याला एकेक झाड पानाशिवाय नुसतं फुलांनी भरलेलं. फूल हातात घ्या: बुडाशी काळपट मखमली वाटी आणि वर पोपटाच्या चोचीसारखी वळलेली केशरी पाकळी. सकाळी साळुंक्या आणि सूर्यपक्षी मधासाठी इतका गोंधळ घालतात की झाड आवाजावरूनच सापडतं.

वर जायचंच असेल तर सोनसावरीसाठी जा. आमच्याकडे काही जण तिला गणेर म्हणतात. गाविलगड किल्ल्याच्या बाजूला, माती नावालाही नाही अशा काळ्या कातळाच्या कपारीत ती उभी असते. अंगावर एक पान नाही, टोकांना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. दरीच्या निळसर धुरकटात तो पिवळा रंग पाहिला आणि गाडीवाल्याचा राग तेवढ्यापुरता विसरलो.

पण त्या झाडांपर्यंत उतरणारी वाट! "अर्ध्या तासात नाल्यात पोचता," असं मला सांगितलं होतं. अडीच तास लागले. या दिवसांत सागाची पानं गळलेली असतात, ताटाएवढी, कडक वाळलेली, उतारावर गुडघाभर. पानाखाली सुटा दगड, दगडाखाली मुरूम. पाय टाकला की तिन्ही एकदम सरकतात. दोनदा बसून घसरत उतरलो, एकदा बोराटीच्या काट्यात हात गेला. चांगले बूट होते, काठी नव्हती. काठीशिवाय तिथे उतरू नका. एकट्याने तर अजिबात नाही. गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याच्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे आनंदाने द्या, ते वसूल होतात. तीन लिटर पाणी मला पुरलं नाही, नाला कोरडा ठाक होता. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकलेली आहेत, त्यामुळे अत्तर नको, आरडाओरडा नको, विडी-सिगारेट तर मुळीच नको. आणि खाली एवढा पाचोळा आहे की एक ठिणगी पुरे.

किल्ल्याच्या तटावरूनही सोनसावर तितकीच छान दिसते, दुर्बीण असली की झालं. हे मला नाल्यातून धापा टाकत वर आल्यावर कळलं.

तिसरा दिवस सेमाडोहला, सिपना नदीकाठी काटेसावरी पाहण्यात गेला. चांगला गेला. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात पायी हिंडू देत नाहीत, गाडीची परवानगी आधीच काढा.

होळीच्या दिवसांत मेळघाटात रस्त्यावर कोरकू आदिवासी मंडळी फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायला गाडी थांबवतात. सुटे पैसे ठेवा, घासाघीस करू नका. परतवाड्याला परतणारी दुपारची एसटी भरलेली येते, वाटेतल्या मोथा गावी हात दाखवून थांबेल या भरवशावर राहू नका, चिखलदऱ्यालाच बसा.