घाटात परत मिळालेली वीज

मी लोको इन्स्पेक्टर आहे, नागपुरात राहतो, वीसेक वर्षं स्वतः मालगाड्या चालवल्या आणि आता चालवणाऱ्यांच्या बाजूला उभं राहून बघतो. ही गोष्ट मागच्या मे महिन्यातली, तेव्हापासून डोक्यात फिरतेय म्हणून लिहितोय.

आमच्याकडे थ्री फेज इंजिनं आहेत, डब्ल्यूएजी ९ वगैरे. यांचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे ब्रेक लावताना मोटरच जनरेटर बनते आणि वीज वर तारेत परत जाते. याला आम्ही रिजन म्हणतो. मीटरवर दोन आकडे दिसतात, किती युनिट घेतले आणि किती परत दिले, ट्रिप संपली की पायलट, म्हणजे इंजिन चालवणारा, ते लिहून देतो. माझ्या यादीतल्या एका पायलटचा दुसरा आकडा महिनोन्‌महिने कमीच यायचा. सेक्शन तोच, लोड तेच, बाकीच्यांचं रिजन बरं आणि याचं अर्ध्यावर. माणूस पंचावन्नचा, एकही डाग नसलेला, सिग्नलच्या बाबतीत तर मी पोरांना त्याचं उदाहरण देतो. कागदावर समज देऊन मोकळं होता आलं असतं, पण मला ते पटेना म्हणून आमल्याहून त्याच्या गाडीत फूटप्लेटला, म्हणजे इंजिनाच्या केबिनमध्ये, चढलो.

कोळशाची भरलेली रॅक, म्हणजे अख्खी मालगाडी, ५९ वॅगन, पाच हजार टनांच्या वर, इटारसीकडे. बैतूल गेलं, मरामझिरी आलं. तिथून धाराखोहपर्यंत घाट आहे, बोगदे, वळणं, आणि आपल्याला उतरायचं असतं. उतार लागला तसा त्याने सरळ ए-नाईन घेतला, म्हणजे हवेचा ब्रेक, आणि थ्रॉटल नुसता नावापुरता ब्रेकिंगच्या बाजूला नेला. गाडी अगदी लोण्यासारखी उतरवली त्याने, चूक काढायला जागाच नव्हती, पण मागे ५९ वॅगनचे ब्रेक ब्लॉक घासून गरम होत होते आणि जी वीज तारेत जायला पाहिजे होती ती धूर होऊन सातपुड्यात जात होती.

इटारसीला चहा घेताना विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही रागावसान, पण मले त्या रिजनवर भरोसा नाही. एकडाव घाटातच ओएचई गेली, व्हीसीबी उघडला, अन् सगळा ब्रेक एका सेकंदात गायब. गाडी पळाले लागली ना जी. त्या दिवशी हवेनंच वाचवलं." ओएचई म्हणजे वरची वीजतार, आणि ती गेली की व्हीसीबी, म्हणजे इंजिनाचा मुख्य ब्रेकर, उघडतो. मी गप्पच झालो, कारण तो खोटं बोलत नव्हता. तारेत वीज नसेल तर रिजन नसतंच, ते पुस्तकातही आहे, फक्त पुस्तकात वाचणं वेगळं आणि पाच हजार टन पाठीवर घेऊन अनुभवणं वेगळं.

मग आम्ही दोघं अर्धा तास कागदावर बसलो. डब्ल्यूएजी ९ चा रिजन ब्रेक जास्तीत जास्त २६० किलोन्यूटन, एवढ्यात घाटात भरलेली रॅक एकट्या इंजिनाने धरून ठेवता येत नाही, हवा लागतेच. म्हणजे त्याची भीती आणि माझा हट्ट दोन्ही एकाच गाडीत बसतात. रिजन आधी आणि हळूहळू वाढवत न्यायचं, हवेचा ब्रेक सोबत लागलेला ठेवायचा, म्हणजे वर काही गेलं तरी गाडी हातात राहते. पुढच्या खेपेला परत त्याच्यासोबत गेलो. त्याने तसं केलं, कपाळावर घाम होता, पहिल्या बोगद्यात तर त्याचा हात ए-नाईनवरून हलला नाही. समोरून बँकर, म्हणजे चढासाठी जादा इंजिन, लावलेली एक मालगाडी घाट चढत होती. मी म्हटलं, तुमची वीज आता ती खाऊन राहिली आहे बघा. तो काही बोलला नाही, पण धाराखोहला मीटर बघितलं तेव्हा परत दिलेला आकडा मागच्या ट्रिपच्या जवळपास दुप्पट होता, एका घाटात आमच्या वस्तीतल्या दोन-तीन घरांचं कूलरसकट महिन्याचं बिल निघेल इतका.

ही गोष्ट मला रेल्वेच्या इंजिनखरेदीशीही जोडावीशी वाटते, ती का ते सांगतो. २०१५ साली रेल्वेने बिहारमध्ये दोन मोठे करार एकाच वेळी केले, मधेपुराला १२,००० हॉर्सपॉवरची ८०० इलेक्ट्रिक इंजिनं आणि मढौराला १,००० डिझेल इंजिनं. तीनच वर्षांनी, २०१८ मध्ये, सगळं ब्रॉडगेज इलेक्ट्रिक करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. म्हणजे डिझेलची ऑर्डर चालू असतानाच रस्ता बदलला. मधेपुराच्या इंजिनांच्या देखभालीचा एक डेपो आपल्या नागपुरातच आहे. २०२३ ला दाहोदच्या ९,००० हॉर्सपॉवरच्या १,२०० इंजिनांचा करार झाला, त्यात देखभाल ३५ वर्षांची. रेल्वेचं २०३० चं नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, लक्ष्य आहे, पण इंजिनाचा हिशोब २०३० ला संपत नाही.

आणि इलेक्ट्रिक म्हणजे आपोआप स्वच्छ असंही नाही. कोराडी, खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या आपण रोज बघतो. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे अजून ढोबळ ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो निघून त्यातून इंजिनाच्या अल्टरनेटरला साडेतीन-पावणेचार युनिट मिळतात. भागाकार करून बघा, आज दोघं जवळजवळ बरोबरीला येतात. फरक पडतो तो दोन गोष्टींनी, एक म्हणजे ग्रिड सोलर-पवनने दरवर्षी सुधारत जाऊ शकतो पण डिझेलचं २.७ पुढच्या ३५ वर्षांत २.७ च राहणार, आणि दुसरं म्हणजे हे रिजन, जे डिझेलकडे नाहीच, त्याची ब्रेकची वीज इंजिनाच्या छतावरच्या रेझिस्टरमध्ये गरम होऊन उडून जाते. आणि हे दुसरं पायलटच्या हातात असतं, टेंडरच्या कागदात नाही.

म्हणून मागे वरून पत्र आलं, पुढच्या इंजिनांसाठी रनिंग स्टाफच्या सूचना पाठवा, तेव्हा मी याआधी दोनदा "सूचना निरंक" लिहिलं होतं, या वेळी दोन पानं लिहिली. रिजनचा आकडा मेन्यूत शोधावा लागू नये, समोर मोठा दिसावा. तार गेली तर रिजन गेल्याचा आवाज आणि हवा आपोआप चढणं, हे दोन्ही पायलटला सिम्युलेटरवर घाटाच्या उतारात खरोखर अनुभवायला मिळावं, इंजिन रुळावर यायच्या आधी. आणि केबिन थंड असावी, कारण मे महिन्यात विदर्भात ४५ अंशात आठ-नऊ तास बसलेल्या माणसाकडून बारीक थ्रॉटलची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. कोणी वाचली की नाही ते माहीत नाही, पाठवली एवढं खरं.

त्या दुसऱ्या ट्रिपला असिस्टंट पायलट एक चोवीस वर्षांचा पोरगा होता. इटारसीला उतरताना मीच त्याला म्हटलं, आज जे इंजिन कारखान्यातून निघेल त्याचं आयुष्य पस्तीसेक वर्षांचं, म्हणजे तू आणि ते जवळपास सोबतच रिटायर होणार. तो हसला. जुन्या पायलटने मात्र त्याला जवळ बोलावलं, मीटरचे दोन्ही आकडे त्याच्याकडूनच लिहून घेतले आणि म्हणाला, "दुसरा आकडा नीट लिहीजो बे, तो आपला हाय."