काकांच्या वहीतले वारकरी पक्षी आणि माझा या सीझनचा हिशोब

काका जाऊन आठ महिने होत आले, त्यांच्याशिवायचा हा पहिलाच हिवाळा. नवीन मंडळींसाठी सांगतो, काका म्हणजे नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर गळ्यात दुर्बीण न बगलेत लांबडी वही घेऊन उभे दिसायचे ते. त्यांच्या घरच्यांनी ती वही मला दिली, तेव्हापासून मी एकच काम करून राहिलो, त्यांचा पॉइंट, म्हणजे पाळीवरची पाणपक्षी मोजायची जागा, बंद पडू द्यायचा नाही.

सुरुवात पक्षी सप्ताहात केली. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा, त्यामधला आठवडा काका दिवाळीसारखा पाळायचे. तेव्हापासून 13 रविवारांपैकी 11 झाले, सकाळी सात ते आठ, तीच जागा.

आता खरं सांगतो, आधी मी फक्त लायफरच्या, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसणाऱ्या पक्ष्यांच्या मागे पळायचो. कुठे पट्टकादंब आले म्हटलं की गाडी काढायची, फोटो घ्यायचा न घरी. काकांना पट्टकादंबाचं कौतुक नव्हतं असं नाही, हिमालय ओलांडून येणारा पक्षी आहे तो, पण ते मला परत परत वारकऱ्यांकडेच वळवायचे. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, कोणी लक्षच देत नाही. "रोजचे मोज, कमी झालेले कळतील तरी," म्हणायचे, आणि जो पक्षी त्या दिवशी दिसला नाही त्याच्यापुढे शून्य लिहायचे. ते शून्य मला तेव्हा फालतू वाटायचं, आता वही चाळताना सगळ्यात जास्त मी तिथेच थांबतो.

मोजण्याची त्यांची पद्धत अशी की ऊन पाठीशी ठेवायचं (पाळीवर सकाळी ते आपोआपच होते), थव्यातले दहा नीट मोजायचे, ते दुर्बिणीत किती जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं न मग तेवढे तेवढे तुकडे करत डावीकडून उजवीकडे जायचं, नंतर उलटं एकदा. पहिल्या रविवारी माझ्या दोन आकड्यांत चाळीसचा फरक आला होता, आता पाच-सातच्या आत येतो. टिबुकल्या मात्र अजून चुकतात, बुडी मारली की कुठे निघेल सांगता येत नाही. जलकुंभीच्या कडेची पाणकोंबडी आधी वारकऱ्यात जायची, आता कपाळाचा लाल रंग आधी बघतो. अडई, हळदीकुंकू, थापट्या या बदकांचा हिशोब बरा जमतो. सगळं ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) कम्प्लीट चेकलिस्ट, म्हणजे ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी म्हणून टाकतो, आणि वहीतही लिहितो.

जानेवारी जड गेला. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीतच असते न संक्रांतही तेव्हाच, म्हणून काका सकाळी मोजणी करून दुपारी बांबूला आकडा बांधून झाडावरचा मांजा काढत फिरायचे. यंदा आम्ही चौघं फिरलो, दोन पोती नायलॉन निघाला. एक ढोकरी बाभळीला लटकलेली मिळाली. हात तिकडे जातच होता पण काकांनी शिकवलेलं आठवलं, ओढायचं नाही, आधी अंगावर कापड टाकायचं, मग पक्ष्याकडे वीतभर दोरा ठेवून बाकीचा कापायचा, जखमेत रुतलेला डॉक्टरच काढतील. तोंडात पाणी ओतायचं नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवली न सरळ सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला नेली. पंख वाचला. सोडताना मी तिथे होतो, त्या क्षणी काकांना फोन लावायला मोबाईल हातात घेतला होता.

त्यांच्या वहीची आता नऊ पानं उरली आहेत. तशाच रेघांची नवीन वही शहरातल्या महाल भागात मिळाली, आणून ठेवली आहे. मार्चमध्ये वारकरी किती उरतात ते बघायचंय, काकांच्या नोंदी त्या महिन्यात दोन वर्षं कोऱ्या आहेत, तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. कोणाकडे त्या दोन मार्चच्या अंबाझरीच्या नोंदी असतील तर सांगा, पेन्सिलनं भरून ठेवीन.