कंपासपेटीतली चिठ्ठी

लेकीच्या शाळेत पोरांची आरोग्य तपासणी होऊन गेली, हे मला तीन दिवसांनी कळलं. तेही कंपासपेटी साफ करताना. पेन्सिलीच्या सालींखाली चौकोनी घडी घातलेला कागद होता. वर तिचं नाव, इयत्ता तिसरी, वजन १९ किलो, आणि खाली निळ्या शाईत लिहिलेलं : हृदयात जादा आवाज, उपजिल्हा रुग्णालय चोपडा येथे दाखवावे. कागदाला एका बाजूने शाईचा डाग लागला होता. अजून चार दिवस गेले असते तर तो सालींबरोबर उकिरड्यावर गेला असता. हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग दोन खोल्यांत. तपासणीच्या दिवशी मी कापूस वेचायला गेले होते. वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला निघालेलं माणूस दिवेलागणीला घरी येतं, दप्तर कोण बघतं? चिठ्ठी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून सरांना भेटले. ते म्हणाले, मॅडम डॉक्टरांनी तिची छाती एकदा तपासली, मग वर्गातली सगळी पोरं बाहेर पाठवली, दार लावलं आणि बाकावर झोपवून पुन्हा ऐकलं. बाकीच्या पोरांना एक-दोन मिनिटं लागली, हिला दहा. मी त्या डॉक्टरांना तेव्हा पाहिलंही नव्हतं. पण गलक्यात ऐकू येत नाही म्हणून वर्ग रिकामा करणाऱ्या त्या बाईंचं ऋण मी विसरणार नाही.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पोर चांगली खेळस-कुदस, काय व्हयनं तिले?" खरंही होतं. लेक ओठ निळे पडणाऱ्यातली नव्हती. पण मग एकेक आठवायला लागलं. दर महिन्याला सर्दी, पावसाळाभर छातीत घरघर, शिवणापाणीत सगळ्यात आधी खाली बसायची. आम्ही समजत होतो, पोर नाजूक आहे.

चोपड्याला केसपेपर काढून दाखवलं. डॉक्टरांनीही आवाज ऐकला, ईसीजी काढला आणि जळगावच्या टूडी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, शिबिरासाठी नाव लिहून घेतलं. शाळा तपासणीच्या पथकातल्या सिस्टरनी फोन करून तारीख कळवली. हे पथक म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी. आमच्याकडे सगळे आरबीएसकेची गाडीच म्हणतात. दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधवाले. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतच ही गाडी जाते. शेजारच्या वहिनींनी मुलाला कर्ज काढून इंग्रजी शाळेत घातलंय, तिथे ती जात नाही. त्यांना मी सांगितलंय, तुम्ही स्वतः नेऊन दाखवा.

जळगावच्या शिबिरात रावेर, पाचोरा, जामनेर, कुठून कुठून आया आल्या होत्या. कोणाच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ, कोणाचा दहावीतला मुलगा. आमचा नंबर दुपारी दोनला लागला. छातीवर गार जेली लावल्यावर लेक दचकली आणि माझं बोट घट्ट धरलं. पडद्यावर लाल-निळे लोट हलत होते. डॉक्टरांनी एका जागी बाण नेला आणि म्हणाले, "हे बघा ताई, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. १४ मिलिमीटर." डाव्या कप्प्यातलं शुद्ध रक्त उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसावर भार पडतो, म्हणून सर्दी-खोकला हटत नाही आणि वजन धरत नाही. आज पोर खेळेल, पण तसंच सोडलं तर मोठेपणी हृदय आणि फुप्फुस दोन्ही थकतील. भोकाच्या भोवतीची कड चांगली होती, त्यामुळे छाती उघडायची गरज नव्हती. मांडीच्या शिरेतून नळी घालून छत्रीसारखं बटण बसवायचं, असं त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

माझा पहिला प्रश्न पैशांचा होता. एक रुपया लागणार नाही, असं उत्तर मिळालं आणि ते खरं निघालं. बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मिळून सगळा खर्च भागला. पण कागदांनी दमवलं. लेकीचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नव्हतं, आणि आधारवर आडनावात एक अक्षर चुकलेलं. एका कार्यालयात तीन हेलपाटे झाले. दर वेळी नवा कागद सांगायचे, पहिल्या वेळी सगळे एकदम सांगितले असते तर माझ्या दोन दिवसांच्या मजुऱ्या वाचल्या असत्या. शेवटी जन्मदाखला आणि मुख्याध्यापकांचं बोनाफाईड कामी आलं. आशाताई स्वतः माझ्याबरोबर आल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या, तेव्हा काम हललं. पोर लहान असतानाच तिचं नाव रेशनकार्डात घाला, हे मी भेटेल त्या बाईला सांगते.

जळगावच्या डीईआयसीतून, म्हणजे लहान मुलांच्या जिल्हा केंद्रातून, मुंबईच्या रुग्णालयाची तारीख मिळाली. हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या तिकिटात ७५ टक्के सवलत असते, हे तिथल्या ताईंनीच सांगितलं. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. लेकीचे बाबा मागून आपल्या पैशाने आले. शिदोरीला मी कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली होती, ती तीन दिवस पुरली.

आत नेलं तेव्हा लेकीने तिची लाल रिबन सोडून माझ्या हातात दिली. दीड-पावणेदोन तास मी ती मुठीत धरून बसले होते. डॉक्टर बाहेर आले, बटण नीट बसलं म्हणाले, आणि ह्यांना तिथेच रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी लेक चहा-बिस्किट मागत होती. मांडीला फक्त एक छोटी पट्टी.

घरी आल्यावरची काळजी कोणी फारशी सांगत नाही, म्हणून लिहिते. सहा महिने रोज ॲस्पिरिनची गोळी, जेवणानंतर. महिनाभर धावणं-उड्या बंद. सरांना कागद दाखवून खेळाच्या तासाला तिला बसवून ठेवलं. दात दोन वेळा घासायचेच, आणि दातावर उपचार करायचा झाला तर छातीत बटण आहे हे दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण तोंडातले जंतू रक्तावाटे तिथे जाऊन बसू शकतात. ताप आला तर घरच्या गोळीवर दिवस काढायचे नाहीत. ठरल्या तारखांना पुन्हा इको. सहा महिन्यांच्या इकोत भोकातून रक्त जात नव्हतं आणि वजन २३ किलो भरलं.

यंदा गाडी शाळेत येणार ते मी सरांना आधीच विचारून ठेवलं आणि त्या दिवशी वेचणीला गेले नाही. मॅडमना पहिल्यांदा समोर पाहिलं. त्यांनी लेकीच्या छातीला नळी लावली, डोळे मिटून ऐकलं आणि पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी सहा पोरांना चिठ्ठ्या मिळाल्या. मी सरांकडून नावं घेतली आणि संध्याकाळी घरोघर गेले. पाच जणांनी दाखवून आणलं. सहावी, पावरा आदिवासी वस्तीतली, पहिलीतली पोर. तिला फळ्यावरचं दिसत नाही. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, घरी आजी आहे. आजीला घेऊन गुरुवारी सकाळच्या गाडीने चोपड्याला जायचं ठरलंय. चिठ्ठी मी माझ्या बटव्यात ठेवलीय.