‘पेशंट अंगावर आला’ हे मोजायचं कसं? माझा अनुभव

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाला विषय निवडायचा होता तेव्हा डोळ्यांसमोर एकच जागा होती, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. तिथे मी चार वर्षं काढली होती. रोज पिणारा माणूस तापासाठी भरती होतो, दारू एकदम बंद पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून अंगावर येतो. ४८ ते ७२ तासांचा हा काळ नाईटच्या प्रत्येक सिस्टरला पाठ असतो. अशा पेशंटबद्दल एक सिस्टर म्हणते, ‘आजारानं करतोय बिचारा.’ दुसरी म्हणते, ‘माजलाय, बांधा त्याला.’ त्याचे हात बांधले जातील की कुणीतरी शेजारी बसून त्याच्याशी बोलेल, हे बऱ्याचदा त्या रात्री कोण ड्युटीवर आहे यावर ठरतं. मला तेच मोजायचं होतं.

गाईड मॅडम म्हणाल्या, नवी प्रश्नावली बनवू नकोस, तपासून झालेली घे. पेशंटच्या आक्रमकतेबद्दलची मतं मोजणारी, इंग्लंडमध्ये जॉय डक्सबरी यांनी तयार केलेली ‘मॅव्हास’ (MAVAS) मी निवडली. तिच्यात २७ विधानं आहेत, प्रत्येकापुढे सहमत की असहमत ते सांगायचं. पेशंट आक्रमक का होतो, आजारामुळे, वॉर्डातल्या वातावरणामुळे की आपल्या वागण्या-बोलण्यामुळे? आणि तेव्हा औषध, बांधणं, वेगळं ठेवणं, बोलून शांत करणं यांतलं काय योग्य वाटतं? डक्सबरी आणि व्हिटिंग्टन यांच्या २००५ सालच्या अभ्यासात ८० मनोरुग्ण आणि ८२ परिचारिका यांची मतं शेजारी-शेजारी ठेवली आहेत. परिचारिकांना कारण मुख्यतः आजारात दिसलं. पेशंटनी मात्र वॉर्डातल्या वातावरणाकडे आणि आपल्याशी कसं बोललं जातं याकडेही बोट दाखवलं. हे वाचताना मला माझ्याच काही रात्री आठवल्या, आणि त्या आठवायला बऱ्या वाटल्या नाहीत.

परवानग्या, एथिक्स कमिटी यांत महिने गेले. ते सगळ्यांचंच होतं.

खरी परीक्षा भाषांतराची. मी ‘आक्रमकता’ लिहिलं. अर्थ तोच राहिलाय का हे तपासायला मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या बाईंनी त्याचं परत इंग्रजी केलं, तर ते ‘हल्ला’ होऊन आलं. म्हणजे शिवीगाळ, धमक्या, ताट भिरकावणं हे सगळं गळलं. वॉर्डात ‘आक्रमक’ कुणी म्हणतही नाही. ‘अंगावर आला’, ‘खवळला’, नाहीतर सरळ ‘व्हायलंट झाला’. शेवटी कागदाच्या डोक्यावरच लिहिलं की आरडाओरडा, शिव्या, धमकी, वस्तू फेकणं, मारायला धावणं, सगळं यात धरायचं. ‘प्रतिबंध’ खोडून ‘हातपाय बांधून ठेवणं’ केलं.

पायलटमध्ये, म्हणजे आधी थोड्या जणींकडून प्रश्नावली भरून घेतली त्या चाचणीत, वेगळीच गोष्ट कळली. एक सिस्टर भराभर टिक करत होती. थांबवून विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘मी नातेवाइकांचं सांगतेय.’ तिचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे भीती असते ती बहुतेकदा कॉटवरच्या माणसापेक्षा दारात जमलेल्या घोळक्याची. महाराष्ट्रातला २०१० चा कायदाही रुग्णालयावर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर होणाऱ्या हिंसेबद्दलच आहे. मग पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘फक्त पेशंटचा विचार करून उत्तर द्या.’

एका वॉर्डातले कागद इन्चार्ज सिस्टरांनी स्वतः गोळा करून दिले. मदत म्हणूनच केलं त्यांनी. पण जवळजवळ सगळ्या कागदांवर बोलून शांत करण्याला ‘पूर्ण सहमत’, बांधण्याला ‘असहमत’. वरिष्ठांच्या हातात द्यायच्या कागदावर दुसरं कोण काय लिहिणार? मला ते कागद बाजूला ठेवावे लागले. मग कुलूप लावलेली पेटी आणली, नावाची जागा काढून टाकली, आणि चेंजिंग रूममध्ये ठेवून दिली. त्यानंतर उत्तरं वेगवेगळी येऊ लागली. बांधण्याच्या विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ही दिसू लागलं. ते वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. निदान कुणीतरी खरं लिहिलं होतं.

एक ज्युनियर सिस्टर दोन दिवसांनी मला शोधत आली. तिला तिचं एक उत्तर बदलायचं होतं. आदल्या रात्री एका आजोबांना बांधावं लागलं होतं, आणि सकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिला विचारलं, ‘पोरी, मी काय केलं होतं गं?’ पेटीतला कागद कुणाचा ते मला कळणार नव्हतं, बदलता येणार नव्हता. तिचं सगळं बोलणं मी माझ्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.